स्थळांना काय सांगू?

'मुलगी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाली. आता एम.व्ही.एस्सी. करायचं म्हणते, तेही वळूच्या ...... वर. त्यात व्हिटॅमिन घालून बघायचं, एवढंच. त्याला दोन वर्षं कशाला? स्थळं बघतोय, लोकांना काय सांगू? बँकेच्या परीक्षेला बसवू का?' — एक वडील, गिरगाव

नमस्कार.

तुमचं मूळ पत्र दोन पानी आहे. मुलीच्या साडेपाच वर्षांच्या शिक्षणाला त्यात एक ओळ मिळाली, बाकी सगळी स्थळं. 'वीर्य' हा शब्द तर तुमच्याच्यानं लिहवला नाही, टिंबं दिलीत. मला काळजी वाटते ती त्या टिंबांची. म्हैस गाभण आहे का हे तपासताना जी मुलगी खांद्यापर्यंत हात माखून घेते, तिला घरी जेवायला बसल्यावर दिवसभर काय केलं ते सांगता येत नसेल, तर ती या घरात किती एकटी पडली असेल! तिच्या कामाची लाज तिला नाही, तुम्हाला आहे. ती तिच्यावर लादू नका.

आता 'व्हिटॅमिन घालून बघायचं' याविषयी. रेतकांडी, म्हणजे कृत्रिम रेतनासाठी वीर्य भरलेली बारीक नळी, द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर वर्षानुवर्षं टिकते. नुकसान होतं ते गोठताना आणि वितळताना. शुक्राणूच्या आवरणात असंपृक्त मेद भरपूर असतात. ऑक्सिजनच्या आक्रमक रूपांनी ते खराब होतात, जसं तेल खवट होतं तसं. या पेशीत पेशीद्रव जेमतेम, म्हणून तिची स्वतःची संरक्षक विकरंही (एन्झाइम्स) तुटपुंजी. म्हणून वीर्य ज्यात गोठवतात त्या अंड्याचा बलक, ग्लिसरॉल असलेल्या द्रावणात व्हिटॅमिन ई किंवा ग्लुटाथायोन अशी ही खराबी रोखणारी द्रव्यं घालून पाहतात. पण हे टॉनिक नव्हे, की जास्त घातलं म्हणजे जास्त गुण. फलनक्षम व्हायला शुक्राणूला त्याच आक्रमक ऑक्सिजनची थोडी गरज असते. मात्रा चुकली तर उलट अपाय होतो. त्यात म्हशीच्या रेड्याचं वीर्य गोठवणं वळूच्या वीर्याहून अवघड. गाईवर जमलेली मात्रा तिथे तशीच उचलून चालत नाही. दोन वर्षं कमीच पडतील.

परीक्षांचं म्हणाल तर पदव्युत्तरसाठी आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) प्रवेशपरीक्षा, नोकरीसाठी एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी. हे तिला ठाऊक असणारच. बँकेचा अर्ज भरू नका.

तिला मात्र एक स्पष्ट सांगतो. अशी बरीच कामं सूक्ष्मदर्शकाखाली 'हालचाल सुधारली' इथवर येऊन थांबतात. शेतकऱ्याला हवी असते गाभण गाय. त्या रेतानं किती जनावरं गाभण राहिली, हे गोठ्यात जाऊन मोजू देणारा मार्गदर्शक शोध. तसा मिळाला नाही तर विषय बदल, शाखा बदलू नकोस.

आणि तुम्ही, बायोडेटात विषय पूर्ण लिहा: पशुप्रजनन, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र. कुणी विचारलंच, तर उत्तर तिला देऊ द्या. तुम्ही शेजारी बसा.