रेगेटॉन पोर्टो रिकोचं, मग क्युबाचं त्यात काय?

प्रश्न : ताई, मी वर्षभर साल्साच्या क्लासला जातेय. मागच्या महिन्यात सरांनी एक गाणं लावलं आणि म्हणाले हे क्युबातोन, म्हणजे क्युबाचं रेगेटॉन. पण रेगेटॉन, ते रॅपसारखं नाचाचं संगीत, तर पोर्टो रिकोचं ना? मग क्युबावाल्यांनी ते नुसतं उचललं का? मला तर ऐकून काही फरक कळला नाही. – एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : अगं, फरक कळतो, फक्त कान कुठे लावायचा ते कोणीतरी सांगावं लागतं. आधी टेबलावर हात ठेव आणि तोंडाने म्हण, "तकिट तकिट तक". तीन-तीन-दोन, केरव्यासारख्याच आठ मात्रा, आणि प्रत्येक बोलाच्या पहिल्या अक्षरावर टाळी. हा डेंबोचा, म्हणजे रेगेटॉनच्या ठेक्याचा गाभा, जमैकाच्या डान्सहॉल नावाच्या नाचाच्या संगीतातून पनामा आणि पोर्टो रिकोत गेला आणि कुठलंही रेगेटॉन लावलंस तरी खाली हाच सापडेल. आता दुसरं म्हण, "तकिट तकिट तकधिमि तक तकधिमि". सोळा मात्रा, टाळ्या पाच. ही क्लावे, दोन छोट्या लाकडी दांड्या एकमेकींवर आपटून वाजवतात, आणि सोन, रुंबा, टिंबा ही क्युबाची सगळी नाचाची गाणी तिच्या कुठल्या ना कुठल्या रूपावर उभी आहेत. बघ, सुरुवातीचं "तकिट तकिट" दोन्हीकडे सारखंच आहे! दोन्हींचं मूळ आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या तालात आहे, त्यामुळे बाहेरचा ताल आला तेव्हा क्युबाच्या कानाला तो परका वाटलाच नाही, लांबच्या आत्याचा मुलगा घरी यावा तसं झालं.

मी हे नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव चालू असताना एका ताशावाल्या मुलाला म्हणून दाखवलं होतं, त्याने दुसऱ्या आवर्तनालाच काड्यांनी उचललं आणि मग थांबेचना. तुलाही जमेल, दोन दिवस स्वयंपाक करताना म्हणत राहा.

बरं, हे आलं कसं? नव्वदच्या दशकात क्युबाच्या पूर्व टोकाला सांतियागो दे क्युबात, जिथून जमैका राजधानी हवानापेक्षा कितीतरी जवळ, तिथे कँडीमॅनसारखे गायक रेगे-डान्सहॉलच्या चालीवर स्पॅनिशमध्ये गायला लागले. मग हवानातले रॅप करणारेही इकडे वळले, कुबानितो २०.०२ हा गट त्यातलाच. आणि हवानाच्या पूर्वेला आलामार आहे, रहिवाशांनीच तुकड्या करून बांधलेल्या एकसारख्या इमारतींची वसाहत, क्युबन हिपहॉपचं माहेरघर, तिथे २००० मध्ये हेन्ते दे सोना हा गट सुरू झाला. त्यातला रँडी माल्कम आधी टिंबाच्या बँडमध्ये होता, म्हणजे टिंबावाला माणूसच या संगीतात आला, मग कोरसची सवाल-जवाबासारखी देवाणघेवाण आणि पियानोची वळणंही येणारच ना. २०१४ ला गायक एनरिके इग्लेसियास आणि देसेमेर ब्वेनो यांच्याबरोबरच्या 'बायलांदो' या गाण्याला तीन लॅटिन ग्रॅमी मिळाले आणि जगाने नाव ऐकलं.

पण मला विचारशील तर खरं क्युबाचं ते रेपार्तो. रेपार्तो म्हणजे वस्ती. हवानाच्या गरीब वस्त्यांतल्या पोरांनी घरच्या कम्प्युटरवर बनवलेलं, त्यात क्लावे लपवलेली नसते, अगदी पुढे वाजते. चॉकलेट एमसी ऐक. आणि त्याच्या आधीचा एल्विस मॅन्युएल, विशीसुद्धा ओलांडली नव्हती त्याने, २००८ मध्ये बोटीने फ्लोरिडाला निघाला आणि समुद्रातच गेला, बरोबरची आई वाचली. त्याची गाणी लावली की मला दरवेळी ती माउली आठवते.

प्रश्न : ताई, माझा मुलगा ही क्युबातोनची गाणी ऐकतो. शब्दांचे अर्थ शोधले तर फार अश्लील निघाले. त्यांच्या देशात कोणी बोलत नाही का? – एक आई, बिबवेवाडी

उत्तर : बोलतात हो, चांगलंच बोलतात. २०११ मध्ये क्युबाच्या ओस्मानी गार्सिया या गायकाचं 'चुपी चुपी' हे गाणं व्हिडिओच्या राष्ट्रीय पुरस्काराच्या स्पर्धेतून काढून टाकलं होतं, खुद्द सांस्कृतिक मंत्री त्यावर बोलले होते, आणि २०१२ ला सरकारी संगीत संस्थेच्या अध्यक्षांनी 'ग्रान्मा' या पेपरात अशा गाण्यांवर निर्बंध जाहीर केले. तरी गाणी थांबली नाहीत, कारण ती रेडिओच्या भरवशावर नव्हतीच. तिथे मोबाइलवर इंटरनेट आलं ते २०१८ च्या डिसेंबरात, त्याआधी 'पाकेते' चालायचं, म्हणजे दर आठवड्याला साधारण एक टेराबाइट सिनेमे, मालिका, गाणी हार्ड डिस्कवर भरून माणसं घरोघर पोचवायची. आपल्याकडे मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचे ना, तसंच, फक्त सगळ्या देशाचं.

काही गाणी खरंच घाणेरडी आहेत, बायकांबद्दल वाईट बोलतात, ते मी झाकणार नाही, मलाही नाही आवडत. पण त्याच हेन्ते दे सोनाने २०२१ मध्ये इतरांबरोबर 'पात्रिया ई विदा' म्हटलं, म्हणजे 'मातृभूमी आणि जीवन', आणि त्या जुलैत लोक सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरले तेव्हा तेच शब्द त्यांच्या तोंडी होते. त्यात गायलेला मायकेल ओसोर्बो तुरुंगात गेला. मुलाजवळ बसा आणि त्याला हे गाणं लावायला सांगा, अर्थ दोघांनी मिळून शोधा.