विचारलं तर डॉक्टर चिडतील का?

‘सरकारी दवाखान्यात जास्त बोललं की डॉक्टर चिडतात, मग नीट बघत नाहीत.’ समुपदेशनात हे सारखं ऐकू येतं. दिवा इथल्या एका ताईंचंही हेच म्हणणं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय ४६, ठाण्यात चार घरची धुणीभांडी. पाळीत अतोनात रक्तस्राव, हिमोग्लोबिन ७.२. ज्या पालिका रुग्णालयात जायच्या तिथे दर खेपेला नवा डॉक्टर, त्याच लोहाच्या गोळ्या आणि सोनोग्राफीची तारीख दीड महिन्यानंतरची.

त्यांच्या पिशवीतून चार केस पेपर निघाले, चार वेगळ्या वारांचे. ज्या दिवशी काम सुटेल त्या दिवशी त्या जायच्या. मेडिकल कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयात डॉक्टरांची युनिटं, म्हणजे ठरलेले गट, असतात आणि प्रत्येक युनिटच्या ओपीडीचे वार ठरलेले असतात. वार चुकला की नवं युनिट, नवा केस पेपर, पहिल्यापासून विचारपूस. पहिल्या कागदावर युनिट आणि वार छापलेला होता, पण तो वाचायचा असतो हे त्यांना सांगणार कोण?

दुसरी अडचण बोलण्याची. ‘खूप जातं हो’ यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. म्हणून एका कागदावर लिहून घेतलं: पाळी ९ दिवस, दिवसाला ७ पॅड, रक्ताच्या गाठी पडतात, जिना चढताना धाप लागते, गोळ्या ३ महिने घेऊन फरक नाही. खाली एकच मागणी: ‘सोनोग्राफीच्या फॉर्मवर तातडीचे असं लिहून द्याल का?’ खिडकीवरचा माणूस फॉर्म बघूनच तारीख देतो. तिथे वाद घालून उपयोग नसतो. हिमोग्लोबिन ८ च्या खाली म्हणजे तीव्र ॲनिमिया, त्यामुळे ही मागणी अवाजवी नव्हतीच. दोन मिनिटांत मुद्दा सांगणाऱ्या पेशंटवर चिडायला, शंभर जण बाहेर ताटकळत असलेल्या डॉक्टरला सवडही नसते.

ताई म्हणाल्या, ‘आणि नाहीच लिहून दिलं तर?’ तर ‘का नको, ते केस पेपरवर लिहा’ एवढंच म्हणायचं. तपासणी बाहेरून करायला सांगितली तर रेशनकार्ड, आधार घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांकडे जायचं. तिथेही अडलं तर वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे एका पानाचा अर्ज, दोन प्रतींत. आवक विभागात, म्हणजे आलेल्या कागदांची नोंद होते तिथे, देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घ्यायचा. तोंडी तक्रारीचा मागमूस राहत नाही. मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला की मात्र बोलणं तिथेच संपतं.

युनिटच्या वारी गेल्यावर त्यांना त्याच आठवड्यातली तारीख मिळाली. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली, बायोप्सीचा रिपोर्ट यायचा आहे. तोवर त्यांना एक गोष्ट बजावून सांगितली आहे: तासाला एक पॅड भिजू लागला किंवा चक्कर येऊन पडायला झालं तर ओपीडीचा वार बघायचा नाही, थेट कॅज्युअल्टी गाठायची किंवा १०८ ला फोन करायचा.