अमेरिकेतल्या सुरुवातीच्या वसाहतींमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट (ख्रिश्चनांचे दोन पंथ) एकत्र राहायचे का, की भांडणंच व्हायची?

दोन्ही. मेरीलँडच बघा ना, 1634 मध्ये वसलेली इंग्रजांची वसाहत, मालक लॉर्ड बाल्टिमोर कॅथलिक पण आलेले बरेचसे लोक प्रोटेस्टंट, म्हणून लोक इंग्लंडहून निघतानाच त्याने बजावलेलं की कॅथलिकांनी प्रार्थना गाजावाजा न करता करायची, धर्मावरून वाद नको. आणि ते पाळलंही, 1642 मध्ये थॉमस जेरार्ड या बड्या कॅथलिक जमीनदाराने प्रोटेस्टंटांच्या चॅपलची (छोट्या चर्चची) किल्ली आणि पुस्तकं उचलून नेली तर कॅथलिकांच्याच सरकारने त्याला 500 पौंड वजनाच्या तंबाखूचा दंड ठोकला (तिकडे तेव्हा पैशाऐवजी तंबाखूच चालायचा). मला हे फार मोठं वाटतं. 1649 ला सहिष्णुतेचा कायदाही झाला, फक्त ख्रिश्चनांपुरता. पण इंग्लंडमधलं राजकारण फिरलं आणि 1689 ला मेरीलँडमध्ये प्रोटेस्टंटांनी सत्ता घेतली, मग 1704 मध्ये तिथल्याच सेंट मेरीज सिटी या गावातल्या कॅथलिकांच्या विटांच्या चॅपलला सरकारने कुलूपच लावलं.