वाचक विचारतात : दुबईचं विमान, इकॉनॉमीचं तिकीट

सुट्ट्यांमध्ये दुबईला मुलाकडे, लेकीकडे जाणाऱ्यांची बरीच पत्रं या वेळी आली. बहुतेकांना सीट, खिडकी आणि जेवणाची काळजी आहे. मुंबई-दुबई विमान हवेत असतं जेमतेम सव्वातीन तास. घोळ होतात ते जमिनीवर, त्यामुळे उत्तरांचा भरही तिकडेच आहे.

प्रश्न (सातारा) : आमचं विमान 15 तारखेला रात्री 12.50 चं आहे. 15 ला दुपारी गाडी काढली तर चालेल ना?

अजिबात नाही. तिकिटावरचे 12.50 म्हणजे 14 ची रात्र संपून 15 लागल्यावरची पन्नास मिनिटं. 15 ला दुपारी निघालात तर विमान जाऊन अर्धा दिवस उलटलेला असेल. गाडी 14 लाच काढायची.

आता उलटा हिशोब करा. आंतरराष्ट्रीय विमानाचे काउंटर सुटण्याच्या साधारण 60 ते 75 मिनिटं आधी बंद होतात आणि बंद म्हणजे बंद. मोबाइलवर वेब चेक-इन केलं असलं तरी बॅग द्यायला काउंटरवर जावंच लागतं. पुढे इमिग्रेशन आणि सिक्युरिटीची रांग. म्हणून तीन तास आधी, म्हणजे रात्री पावणेदहाला विमानतळाच्या दारात हवं. सातारा ते मुंबई अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता मोकळा असेल तर पाच तास. पण खंबाटकी, पुण्याचा बायपास, एक्सप्रेसवेचा घाट आणि वाशीच्या पुढची कोंडी यांतलं काहीतरी एक आडवं येतंच. सात तास धरा आणि अडीचला निघा. सांगलीकरांनी आणखी अडीच-तीन तास आधी. महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी मुंबईत उतरवते, त्यामुळे दुपारनंतरच्या विमानाला ती उत्तम. मध्यरात्रीच्या विमानासाठी मात्र दिवसभर ताटकळावं लागेल.

निघण्याआधी तिकिटावरचा विमानतळाचा कोड वाचा. बीओएम म्हणजे सहारचं विमानतळ (आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल 2 वरून), एनएमआय म्हणजे नवी मुंबई. ड्रायव्हरला नुसतं ‘एअरपोर्ट’ सांगू नका.

प्रश्न (विटा) : लेकीला मसाला, लोणचं, खोबरं, अनारसे न्यायचे आहेत. काय चालतं?

सगळ्यात आधी खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे आणि कायदा तिला अमली पदार्थांच्या नजरेने बघतो. ‘घरगुती मसाला आहे’ हे उत्तर कस्टमवाल्याला पटेल या भरवशावर राहू नका. आपल्याकडे कांदा-लसूण मसाल्यात बहुतेक घरी खसखस भाजून घालतात, अनारसे तर तिच्यावरच थापतात. दुबईसाठीचा मसाला खसखस वगळून वेगळा कुटून घ्या. अनारसे राहू द्या, चकली न्या.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही घरीच ठेवा. खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून बॅगेत दिसलं की काढायला लावतात. मसाला, तिखट, लोणचं हे सगळं काउंटरवर द्यायच्या बॅगेत. हातातल्या बॅगेत ठेवलंत तर सिक्युरिटीला बाहेर निघेल. पेढे, बेदाणे, चिवडा हातात चालतात.

लोणच्याची बरणी विमानात का गळते? उंचीवर विमानातला हवेचा दाब जमिनीपेक्षा बराच कमी असतो. बरणीत अडकलेली हवा फुगते आणि तेल झाकणाच्या आट्यांतून बाहेर ढकलते. झाकणाखाली प्लास्टिकचा कागद ताणून लावा, वरून चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्या, एकात एक अशा दोन झिपच्या पिशव्यांत घाला आणि बॅगेच्या मधोमध कपड्यांत उभी ठेवा. काचेची बरणी नकोच.

वजनाचं म्हणाल तर हातातली बॅग बहुतेक ठिकाणी 7 किलो. काउंटरवरच्या सामानाची मर्यादा तिकिटागणिक बदलते, कुठे 15, कुठे 20, कुठे 30 किलो. बॅग घेऊन घरच्या काट्यावर उभे राहा आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करा. जास्तीचे किलो आधीच ऑनलाइन विकत घ्या, काउंटरवर तोच किलो बराच महाग पडतो. एकत्र काढलेल्या तिकिटांचं वजन बऱ्याच कंपन्या मिळून धरतात, पण एकटी बॅग 32 किलोंच्या वर गेली तर कुणी उचलत नाही.

पॉवर बँक मसाल्या-लोणच्याच्या नेमकी उलट : ती हातातल्याच बॅगेत, काउंटरवर द्यायच्या बॅगेत नाही. मर्यादा 100 वॉट-अवर. 20,000 एमएएचची पॉवर बँक 3.7 व्होल्टने 74 वॉट-अवर होते, म्हणजे चालते. तिच्यावरचा छापा पुसलेला असेल तर मात्र जप्त होऊ शकते.

प्रश्न (कराड) : आई 68 वर्षांची, गुडघे दुखतात, मराठीशिवाय भाषा येत नाही. एकटी पाठवावी का?

पाठवा, पण व्हीलचेअर आधी सांगून ठेवा. निदान 48 तास आधी कंपनीला कळवायचं. पैसे पडत नाहीत. कोड तीन आहेत. लांब चालता येत नाही पण जिना चढता येतो : डब्ल्यूसीएचआर. जिनाही जमत नाही : डब्ल्यूसीएचएस. सीटपर्यंतही न्यावं लागतं : डब्ल्यूसीएचसी. आईंना कोणता लागू आहे ते खरं सांगा, कारण विमानात जिन्याने चढायची वेळ आली तर खुर्चीसकट वर उचलणारी गाडी येणार की नाही ते त्या कोडवरच ठरतं. (धडधाकट माणसं रांग चुकवायला खुर्ची मागतात, म्हणून गरजूंना अर्धा अर्धा तास थांबावं लागतं. हे थांबायला हवं.) दुबईत उतरताना व्हीलचेअरवाल्यांना शेवटी उतरवतात, आईंना तसं आधीच सांगा, नाहीतर त्या घाबरतील.

तिकिटावर नाव पासपोर्टमधल्यासारखंच हवं : ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव असेल तर दोन्ही. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल तर तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला विचारा. एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाला अडचण येते. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, मधुमेहात पायांच्या मुंग्यांवर देतात ते प्रीगॅबालिन, ही तिथे नियंत्रित औषधं आहेत. नेण्याआधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी काढावी लागते. पर्समध्ये व्हिसाची छापील प्रत आणि मुलाचा दुबईतला पत्ता, फोन इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी ठेवा. फोनची बॅटरी संपते, कागद संपत नाही.

प्रश्न (मिरज) : जास्त पैसे भरून सीट घ्यावी का?

सव्वातीन तासांना आमच्या मते नाही. तेच पैसे सामानाच्या किलोंवर घाला. उंच माणसाचा अपवाद. स्वस्त कंपन्यांत दोन रांगांमधलं अंतर 28 ते 30 इंच असतं, सहा फुटी माणसाचे गुडघे पुढच्या सीटला टेकतात. त्यांनी आपत्कालीन दाराजवळची रांग घ्यावी. तिथे लहान मुलं, गरोदर बायका किंवा मदत लागणारी माणसं बसवत नाहीत. अशा दोन रांगा लागोपाठ असल्या तर पुढचीची पाठ बहुधा मागे जात नाही. शेवटच्या रांगेचंही तेच, शिवाय शौचालयाची रांग डोक्याशी.

जेवण तिकिटात आहे का ते पाहा. नसेल तर चपाती आणि कोरडी भाजी डब्यात न्या, सिक्युरिटीतून जाते. आमटी, ताक नाही.

प्रश्न (वाई) : तिकिटावर निघणं 4.00, पोचणं 5.45. हे पावणेदोन तासच झाले की!

दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. प्रवास सव्वातीन तासांचाच. परत येताना उलट, कागदावर पावणेपाच तास दिसतील.

प्रश्न (तासगाव) : बॅग आलीच नाही तर?

हॉलमधून बाहेर पडू नका. तिथल्याच बॅगेज काउंटरवर पीआयआर नावाचा तक्रार अर्ज भरा आणि त्याचा नंबर घ्या. बाहेर पडल्यावर ‘बॅग आत राहिली’ हे सिद्ध करणं अवघड होतं. बॅग मोडली असेल तर मिळाल्यापासून 7 दिवसांत, उशिरा आली तर हाती आल्यापासून 21 दिवसांत कंपनीला लेखी कळवायचं. नुकसानभरपाई याच मुदतींवर अडते. मुंबईत बॅग देताना टॅगवर दुबईचा कोड डीएक्सबी छापलाय ना ते बघा (शारजाचं विमान असेल तर एसएचजे), आणि बोर्डिंग पासवर चिकटवलेला छोटा टॅग बॅग हातात येईपर्यंत फेकू नका.

प्रश्न (सांगली) : पाटल्या, तोडे घालून गेलं तर परत येताना ड्युटी मागतील का?

मागू शकतात, कारण ते इथूनच नेलेत याचा तुमच्याकडे पुरावा नसतो. जाताना मुंबईच्या कस्टमकडे दागिने दाखवून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या. त्यासाठी अर्धा-पाऊण तास जादा धरा आणि सोनाराची पावती, दागिन्यांचे फोटो सोबत ठेवा. लग्नकार्य नसेल तर मंगळसूत्र आणि रोजच्या बांगड्या पुरेत.