पल्सारच्या गटात नव्याने येणाऱ्याला

पल्सार म्हणजे वेगाने फिरणारे, ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणारे मृत तारे. नाशिक-पुणे रस्त्यावर नारायणगाव लागतं. तिथून जवळच, खोडदला, जीएमआरटी, म्हणजे हे स्पंद टिपणारी रेडिओ दुर्बीण. 45 मीटरच्या 30 डिश. एकदा बघून ये. काम मात्र कॉलेज रोडवरच्या तुझ्या खोलीत, लॅपटॉपवरच होणार! 2023 मध्ये भारत-जपान आणि युरोपच्या गटांनी मिळून गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे, म्हणजे विश्वभर सतत चालणाऱ्या अवकाश-काळाच्या मंद थरथरीचे, पुरावे मांडले, त्यामागे पल्सारचे स्पंद नेमके कधी पोहोचले याचा वर्षानुवर्षांचा असाच कंटाळवाणा डेटा होता.

आधी मोबाइल, विजेच्या तारा यांचा रेडिओ गोंगाट डेटातून काढायला शीक. आलेख स्वतःच्या डोळ्यांनी बघ, नुसत्या स्क्रिप्टवर विसंबू नकोस. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी फ्रिक्वेन्सीचा स्पंद उशिरा पोहोचतो. त्या उशिराची दुरुस्ती चुकली की सगळ्या मेहनतीवर पाणी. आणि हो, मीटिंगची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, आपल्या वेळेसाठी साडेपाच तास मिळव.