तुमचे प्रश्न : जपानी लाकडी ठसे घरच्या घरी

प्रश्न : दादा नमस्कार, मी अमळनेरला शाळेत ड्रॉइंग शिकवते. लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापणं, बरीच वर्षं करतेय, आता जपानी पद्धतीचं लाकडी ठशांचं, ते मोकुहांगा म्हणतात ना, ते करून बघायचंय. ऑनलाइन सेट बघितले तर किंमत ऐकूनच घाम फुटतो. आधी काय घेऊ? आणि तो कागदाच्या पाठीवर घासायचा बारेन केळीच्या पानाचा होईल का, आपल्याकडं केळी तर ढीगभर!

उत्तर : ताई, सेट घेऊच नका. पहिल्या वर्षी एक चांगली सुरी, दोन गोल पटाश्या आणि एक धारेचा दगड, बस. त्या सुरीला जपानीत हांगितो म्हणतात, तिचं टोक तिरकं असतं, मुठीत धरून आपल्याकडं ओढत कापायचं. रेघेच्या दोन्ही बाजूंनी काप घ्यायचा आणि काप रेघेपासून बाहेर उतरता ठेवायचा म्हणजे रेघ बुडाशी जाड राहते, छापताना तुटत नाही. मग उरलेलं पटाशीनं काढायचं. पैसे खर्च करायचेच असतील तर दगडावर करा हो, बोथट सुरीनं लाकूड कापलं जात नाही, फाटतं, आणि माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ मुलांची अडचण हीच निघते.

लाकूड तिथं डोंगरी चेरीचं वापरत आले, आता शिकणारे शिना नावाचं प्लाय घेतात. आपल्या वखारीतला साग नको, त्याच्या रेषा रंगात उमटतात, साधं प्लाय कडेला उचकटतं. शिवणीची फळी मिळाली तर बघा, रंधा मारून घ्या, आणि फळी झाडाच्या लांबीनं चिरलेली हवी.

आता बारेन. तो चपटी तबकडी असतो, आत बांबूच्या तंतूंची वळलेली दोरी गोल गोल गुंडाळलेली आणि वरून बांबूच्या कोंबावरचं साल ताणून बांधलेलं. म्हणजे पान नाहीच ते. मी केळीचं वाळलेलं सोपट लावून बघितलं होतं, चार-पाच घासण्यात लांबीनं चिरलं आणि कागदाला ओरखडे पडले, त्यामुळं नको. लाकडाच्या गोल तुकड्यावर बारीक घट्ट सुतळी चिकटवून वरून गुळगुळीत प्लास्टिकचा कागद घट्ट बांधा, शिकायला पुरतं. पैसे साठले की मग खरा घ्या.

प्रश्न : सर, मी धुळ्याहून लिहितोय. रंग सपाट बसतच नाही, पांढरे पांढरे ठिपके राहतात, पहिला प्रिंट बरा येतो आणि पुढचे सगळे खराब. रंग बदलू का?

उत्तर : भाऊ, रंग बदलू नका, हवामान बघा! तुम्ही जे सांगताय त्याला जपानी छपाईवाले गोमाझुरी म्हणतात, गोमा म्हणजे तीळ, तीळ सांडल्यासारखं दिसतं म्हणून. काही जण मुद्दाम करतात, पण तुम्हाला नकोय. खळ कमी, दाब कमी, नाहीतर कागद कोरडा, यातलं एक असतं, आणि आपल्या खान्देशात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर गेला की कागद कोरडाच असतो.

या पद्धतीत रोलर नाही, तेलाची शाई नाही, प्रेस नाही. ठशावर पाण्यातला रंग आणि तांदळाच्या पिठाची खळ, जपानीत नोरी, ब्रशनं एकत्र पसरायची आणि ओलसर कागद ठेवून पाठीमागून घासायचं. रंग कागदाच्या अंगात मुरतो, वर बसत नाही, म्हणून सगळा खेळ ओलाव्याचा आहे. आदल्या रात्री ओल्या कोऱ्या कागदांच्या थरात छपाईचे कागद ठेवा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा, सकाळपर्यंत ओल सारखी पसरते. हाताला गार लागावा पण चमकू नये. छापताना एक काढला की गठ्ठा लगेच झाका, तुमचा दुसरा-तिसरा प्रिंट बिघडतो तो इथंच, गठ्ठा पंख्याखाली उघडा असतो! पंखा बंद, पहाटे पाचला बसा. दोन-तीन दिवस चालणार असेल तर गठ्ठा फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर बुरशी धरते. मी तर मोठं काम श्रावणातच काढतो.

कागद घोटून घ्या असंही कुणी सांगेल, त्याची गरज नाही, पण सरस आणि तुरटीच्या पाण्याचा हात द्या. जपानीत त्याला दोसा म्हणतात, रंग फुटत नाही. तिकडचा कोझो झाडाच्या सालीचा कागद महाग पडतो, नेपाळचा लोक्ता वापरून बघा, तंतू लांब असतात, घासणं सोसतो. आणि काळी शाई, सुमी, म्हणजे काजळी नि सरसच की, सहाणेवर चंदन उगाळतो तशी उगाळायची.

प्रश्न : जळगावहून विचारतेय, शिकायला कुठं जाऊ? जपानला जाणं काही जमणार नाही.

उत्तर : ताई, जपानच तुमच्या दारात येऊन गेलाय. लाकडी ठशांचे जपानी चित्रकार हिरोशी योशिदा, जन्म १८७६चा, १९३०-३१मध्ये भारतात फिरले आणि अजिंठा-वेरूळची चित्रं लाकडी ठशांनी छापली. तुम्ही फर्दापूरला सहलीला जाता तीच अजिंठ्याची लेणी! त्यांनी १९३९मध्ये इंग्रजीत या पद्धतीवर पुस्तकही लिहिलं, सगळं पायरीपायरीनं. टोकियोत राहणारे डेव्हिड बुल छपाईचे व्हिडिओ टाकतात, ते आवाज बंद करून नुसते हात बघा, बारेन कसा फिरतो ते. समोरासमोर शिकायचं तर बडोद्याच्या फाइन आर्ट्सला आणि भोपाळच्या भारत भवनला प्रिंटमेकिंग चालतं, भुसावळहून भोपाळची गाडी सरळ आहे.

आणि एक अभ्यास योशिदांकडूनच घ्या. १९२६मध्ये त्यांनी शिडाच्या नावा कोरल्या आणि तेच ठसे रंग बदलून सकाळ, दुपार, धुकं, रात्र असे छापले. तुम्ही तापीचा एक घाट कोरा, तीनच ठसे, कोपऱ्यात केन्तोची खूण, म्हणजे कागद टेकवायची खाच, ठशावरच कापून घ्या म्हणजे रंग हलणार नाहीत. मग पहाट छापा, संध्याकाळ छापा. झालं की मला पाठवा, पुढच्या अंकात त्यावरच बोलू.