आधी राणेखानाचा बैल मार्गी लाव

तुझा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय २२, घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, फौजेत शॉर्ट सर्व्हिस कमिशनला (ठरावीक वर्षांची अफसरी) निवड झालीय, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चेन्नईच्या ओटीएत, म्हणजे ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत, हजर व्हायचंय. हाताशी साधारण ७० दिवस. आणि टेबलावर महादजी शिंद्यांवरची तीन खंडांची कादंबरी, बुराडी घाटाच्या लढाईपासून वानवडीला महादजी गेले तिथपर्यंत, म्हणजे १७६० ते १७९४. सव्वाशे पानं झालीत, तीही तुकड्यातुकड्यांत. 'रात्रंदिवस बसलो तर होईल का, की सगळं बासनात बांधू?' असं विचारलंयस.

होणार नाही. आणि बासनातही बांधू नकोस.

मी १९८४ साली इथूनच गेलो, जीटी एक्सप्रेसनं, मद्रासला. तेव्हा ती ओटीएस, म्हणजे स्कूल होती, अकादमी हे नाव १९८८ मध्ये मिळालं. (तुझी आजी म्हणते ना, 'ओटीए तर ग्वाल्हेरातच आहे, मग एवढं लांब कशाला?' तिला सांग, इथली ती एनसीसीवाल्यांची.) माझ्याही तीन वह्या होत्या, दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याच्या. विषय साधारण तुझाच. आपल्याकडे हा आजारच आहे म्हण. गावाचंच नाव लष्कर, १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी तळ टाकला तो उठलाच नाही, शेजारच्या वस्तीचं नाव कंपू, पलीकडे छावणी. इथल्या मराठी पोराला दुसरं काय सुचणार! वह्या पत्र्याच्या ट्रंकेत घालून माळ्यावर ठेवल्या आणि 'आल्यावर बघू' म्हणून निघालो.

आलो १९८९ मध्ये. तिसरी वही वाळवीनं खाल्ली होती. पण खरा घोटाळा पहिल्या दोन वह्यांत निघाला. समासात जागोजागी माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'मा.ला विचारणे, पागेत दाणा किती.' हा 'मा.' कोण? मामा, माई, की शेजारचे माधवकाका? पहिले दोघं तोवर गेले होते, आणि काका म्हणाले, 'मला काय ठाऊक, मी पोस्टात होतो.' तो मा. मला आजतागायत सापडलेला नाही.

दुसरं जे झालं ते जास्त लागलं. लढाईचं प्रकरण वाचायला घेतलं. चाळीस पानं, त्यात तलवारी, हरहर महादेव, धुळीचे लोट. आणि एकाही माणसाला तहान लागलेली नाही. कुणाचे पाय सुजलेले नाहीत, कुणाचा पगार थकलेला नाही, कुणी आडोसा शोधत नाही. पाच वर्षं फौजेत काढल्यावर मला ते दुरुस्तही करता येईना, कारण लिहिणारा पोरगा मी राहिलो नव्हतो. पुढे बँकेत चिकटलो आणि विषय संपला.

म्हणून तू दिलेला उतारा वाचून मी जागचा उठलो. पानिपतची संध्याकाळ, पायावर घाव बसून महादजी पडलेत, राणेखान भिश्ती, म्हणजे फौजेला पाणी पुरवणारा, त्यांना आपल्या बैलावर घ्यायचं ठरवतो. त्यासाठी पखाल, बैलावरची पाण्याची कातडी पिशवी, रिकामी करावी लागते. तो तिचं तोंड सोडतो, पाणी मातीत जायला लागतं आणि आजूबाजूला पडलेली माणसं त्या आवाजाकडे माना वळवतात. राणेखानाचा हात थांबतो. बाळा, हे मला पाच वर्षं नोकरी करून सुचलं नाही, ते तुला घरबसल्या सुचलंय. तीन खंड राहू देत. ही तीस-पस्तीस पानं हेच तुझं पुस्तक आहे.

१४ जानेवारी १७६१ ची दुपार ते जखमी माणूस दक्षिणेत पोचेपर्यंत, एवढंच. दोन माणसं, एक बैल, शत्रूचा मुलूख. पुढे राणेखानाला महादजींनी भाऊ मानलं, फौजा दिल्या, ते हवं तर शेवटच्या पानात येऊ दे. बुराडीला महादजींचे भाऊ दत्ताजी पडले तो भाग कापताना जीव वर येईल, पण तो महादजींच्या आठवणीत चार ओळींत बसतो. दिल्ली, इंग्रजांशी सालबाईचा तह, लालसोटची लढाई, बादशहाकडून मिळालेलं वकील-इ-मुतलक हे पद, सगळं आत्ता बाहेर ठेव. ते टाकाऊ आहे म्हणून नव्हे. लालसोटला १७८७ मध्ये थकलेल्या पगारापायी पलटणी उठून पलीकडे गेल्या, तेव्हा सेनापतीच्या तंबूत रात्री काय बोलणं झालं असेल, हे तुला नोकरीनंतर माझ्यापेक्षाही चांगलं लिहिता येईल. तहान तुला आत्ता कळते. पगारपत्रक नंतर कळेल.

आता हिशोब. ७० दिवसांतले शेवटचे १५ धरूच नकोस. त्यात दात, डोळे, बँकेचं खातं, बाँडचे कागद, यादीतल्या वस्तू आणि रोज कुणाकडे तरी जेवण. ग्वाल्हेरातले मराठी लोक मुलगा फौजेत निघाला की लग्न ठरल्यासारखी केळवणं करतात, नाही म्हणून सुटका नाही. पाच दिवस गणपतीचे. उरले ५०. रोज ५०० शब्द, म्हणजे २५ हजार. या तीस-पस्तीस पानांतले नऊ हजार धरून ३४ हजार झाले. लहान कादंबरी झाली की!

पण या पन्नास दिवसांत मागे जाऊन एकही ओळ सुधारायची नाही. आवडलं नाही तर समासात खूण कर आणि पुढे चल. सुंदर अर्ध्यापेक्षा बेंगरूळ पूर्ण परवडलं, कारण बेंगरूळ पूर्ण मसुदा दुसऱ्या कुणालाही वाचायला देता येतो.

सकाळ मात्र लिहिण्याला देऊ नकोस. सकाळ पायांना दे. मेळ्याचं मैदान या दिवसांत मोकळं असतं, तिथे २.४ किलोमीटर रोज घड्याळ लावून. रात्री दोनपर्यंत जागून कादंबरी संपवायची आणि सुजलेले डोळे नि नरम पाय घेऊन अकादमीत उतरायचं, हा शूरपणा पहिल्याच आठवड्यात अंगाशी येतो. पायात न रुळलेले नवे बूट तर मुळीच नकोत, आत्तापासून घाल. दुपारी साडेतीन ते सहा लिही, घर झोपलेलं असतं.

तिथे गेल्यावर पहिल्या टर्मला लिखाणाचं नाव काढू नकोस. वर्गात बसल्याबसल्या झोप येते, पेन हातातून पडतं, आणि ड्रिल स्क्वेअर टेस्ट, म्हणजे कवायतीची परीक्षा, पास होईपर्यंत बाहेरची सुटीही नाही. खिशातली छोटी डायरी असतेच, तिच्यात फक्त कानावर पडलेले शब्द टिपत जा. उस्ताद लोकांची, म्हणजे शिकवणाऱ्या फौजींची, भाषा पुढे कामी येते.

बाकीच्या दोन खंडांचं काय? त्यांचं हँडिंग-ओव्हर कर. फौजेत चार्ज देताना नवीन माणसाला लिहून देतात ना, काय आहे, काय कमी आहे, काय कुणाकडून यायचंय, तसं. चारपाच पानं, पूर्ण वाक्यांत, अनोळखी माणसासाठी लिहिल्यासारखी. पाच-दहा वर्षांनी ती पानं उघडणारा अनोळखीच असणार. कुठला कागद कुठल्या ग्रंथालयात पाहिला, कुणाकडून काय ऐकलं, त्यांचं पूर्ण नाव. 'मा.' नको.

मसुदा युनिकोडमध्येच ठेव. बाड्यावरच्या (महाराज बाडा चौकातल्या) टायपिंगवाल्याकडून करून घेणार असशील तर आधी बजाव, नाहीतर तो सवयीनं कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये ठोकून देईल आणि उद्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर सगळी खिचडी दिसेल. स्वतःला मेल कर, एक प्रत छापून स्पायरल बांध आणि एकाच माणसाला दे. असा माणूस निवड जो वाचून वाईटही बोलेल. आईला नको, ती रडेल.

छापण्याबद्दल विचारलंयस. कमिशन मिळाल्यावर तुला आर्मी रूल्स, १९५४ मधला नियम २१ लागू होतो: राजकीय प्रश्न, सेवेशी संबंधित विषय किंवा सेवेतली माहिती यावर पूर्वपरवानगीशिवाय काही प्रसिद्ध करता येत नाही. १७६१ मधल्या भिश्त्याला यात कुणी ओढणार नाही असं मला वाटतं, तरी तेव्हा लेखी विचारूनच पाऊल टाक. पुस्तकावर हुद्दा छापायची हौसही तेव्हाच, विचारून. आत्ता प्रकाशकांच्या मागे लागून हे ५० दिवस घालवू नकोस.

आणि उताऱ्यातलं एक राहिलं. पखाल ओतली, बैलाची पाठ ओली झाली, पौषातली थंडी आहे, त्यावर रक्त गेलेला माणूस घालायचाय. राणेखान खाली काय अंथरतो? स्वतःच्या अंगावरचं, की शेजारी पडलेल्या कुणाच्या अंगावरचं? ते तू लिहिलेलंच नाहीस. उद्या दुपारी तिथूनच बस.